वकीलबाईंनी आधी जुना पासपोर्ट मागितला

३१ जानेवारी २०२४ ला माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि अकराच्या आत लॅपटॉप बंद. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आजूबाजूच्या ओळखीच्या घरांमध्ये हे होऊन गेलेलं होतं त्यामुळे साठ दिवसांचं गणित आम्हाला पाठ होतं, निदान तसं वाटत तरी होतं. एच-१बी वर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की साठ दिवसांची मुदत मिळते, तेवढ्यात नव्या कंपनीने तुमचं पिटिशन फाइल करायचं, नाहीतर स्टेटस बदलायला अर्ज टाकायचा, नाहीतर देश सोडायचा. हा नियम २०१७ च्या जानेवारीत आला, त्याआधी तेवढीही मुदत लिहून दिलेली नव्हती. मी त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ३१ मार्चला लाल पेनने गोल केला, आणि मग रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की तिकडे नजर जायची, आज किती उरले.

तो गोल चुकीच्या तारखेवर होता. हे आम्हाला वकिलांच्या ऑफिसमध्ये बसल्यावर कळलं, आणि म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलंय. गेल्या वर्षभरात तीन-चार मैत्रिणींचे फोन आले, अगं तुम्ही वकील कसा शोधलात, पहिल्या भेटीला काय काय नेलं, काय विचारलं. प्रत्येकीला तासभर सांगते आणि तरी काहीतरी राहतंच. मी वकील नाही, आमच्या बाबतीत जे झालं आणि त्यातून जे समजलं तेवढंच सांगतेय, तुमची केस वेगळी असेल.

आधी हे सांगते की स्वतःचा वकील लागतोच कशाला. आमचं सगळं इमिग्रेशन इतकी वर्षं कंपनीचे वकील बघत होते. एच-१बी त्यांनीच केला, एक्स्टेन्शन त्यांनीच केलं, ग्रीन कार्डसाठी लागणारी लेबर खात्याची मंजुरी म्हणजे पर्म, आणि त्यानंतरचा कंपनीचा अर्ज म्हणजे आय-१४०, ते पण त्यांनीच. ते फॉर्म पाठवायचे, आपण सही करून परत पाठवायचो. नोकरी गेली त्या दिवशी नवऱ्याने त्यांना मेल केला की आता आम्ही काय करू, तर दोन ओळींचं उत्तर आलं की आम्ही कंपनीतर्फे काम करतो, आता तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही, तुम्ही स्वतःचा वकील बघा. मला त्या दिवशी भयंकर राग आला होता. नंतर कळलं की नियमाने बघितलं तर त्यांचं बरोबरच होतं, एच-१बी चं पिटिशन कंपनीचं असतं, आय-१४० सुद्धा कंपनीचाच असतो, अर्जदार कंपनी आणि आपण त्यातले लाभार्थी. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा कंपनीचं हित आणि आपलं हित एकच दिसतं, फाटे फुटतात ते नेमके अशा दिवशी. त्यामुळे माझं स्पष्ट मत झालंय की नोकरी पक्की असताना, काही घाई नसताना, वर्षातून एकदा तरी स्वतःच्या पैशाने एखाद्या बाहेरच्या वकिलाला आपले कागद दाखवावेत. आपण गाडीची सर्व्हिसिंग करतो, दातांची तपासणी करतो, आणि ज्या कागदांवर अख्खं घर उभं आहे ते कधी उघडूनही बघत नाही.

वकील शोधताना पहिला आठवडा आम्ही वाया घालवला. जो तो आपापली माहिती देत होता. एका ओळखीच्या काकूंनी सांगितलं की एक जण आहेत, नोटरी आहेत, सगळे फॉर्म स्वस्तात भरून देतात. हे नीट समजून घ्या कारण आपली इथेच फसगत होते. आपल्याकडे नोटरी म्हटलं की डोळ्यासमोर कोर्टाबाहेर काळा कोट घालून बसलेले वकील येतात, आणि भारतात नोटरी बऱ्याचदा खरंच अनेक वर्षं वकिली केलेला माणूस असतो. अमेरिकेत नोटरी म्हणजे सही माझ्यासमोर झाली एवढं सांगणारा साक्षीदार, बास. त्याला कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकारच नाही. तसंच पुण्यात मुंबईत व्हिसा कन्सल्टंट असतात, ॲडमिशनपासून व्हिसापर्यंत सगळं करून देतात, त्याची आपल्याला सवय झालेली असते. इथे इमिग्रेशनमध्ये तुमची बाजू मांडू शकतो तो एकतर लायसन असलेला वकील, किंवा अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी जो सेवाभावी संस्थेत काम करतो. बाकी कुणी कितीही वर्षं फॉर्म भरत असला तरी फॉर्म चुकला तर भोगायचं आपणच.

आणखी एक, इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा आहे त्यामुळे कुठल्याही राज्याचं लायसन असलेला वकील तुमची इमिग्रेशनची केस घेऊ शकतो, तो तुमच्याच गावात हवा असं काही नाही. आम्ही अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशनच्या यादीत शोधलं, ही १९४६ पासूनची वकिलांची संघटना आहे, लोक आयला म्हणतात. त्यातून तीन नावं काढली आणि प्रत्येक नाव ज्या त्या राज्याच्या वकिलांच्या नोंदीत टाकून बघितलं, लायसन चालू आहे का, कधी शिस्तभंगाची कारवाई झालीय का. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, तरी कुणी करत नाही. तिघांपैकी एकाच्या ऑफिसमधून फोनवरच सांगितलं की काळजी करू नका, शंभर टक्के काम होणार. मी त्यांचं नाव तिथेच खोडलं. कागद न बघता शंभर टक्के म्हणणाऱ्या माणसाला आपण आपलं आयुष्य कसं सोपवायचं? ज्यांच्याकडे गेलो त्यांच्या ऑफिसने उलट आधी एक प्रश्नावली पाठवली आणि भरून आल्याशिवाय वेळ देणार नाही म्हणून सांगितलं. एका तासाचे तीनशे डॉलर, केस दिली तर ते पुढच्या फीमधून वजा. त्या क्षणी तीनशे डॉलर खूप वाटले, घरात एक पगार बंद झालेला होता. आज विचाराल तर त्या वर्षातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च तोच.

आता कागद. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद, ऑफर लेटर, आय-७९७ म्हणजे सरकारच्या मंजुरीच्या नोटिसा, त्यांच्या प्रती, हे सगळं कंपनीच्या पोर्टलवर होतं आणि अकरा वाजता पोर्टल बंद झालं. पुढचे चार दिवस आम्ही जुन्या मेलमध्ये, गुगल फोटोमध्ये, घर भाड्याने घेताना कुणाला तरी पाठवलेल्या पीडीएफमध्ये आमचेच कागद शोधत होतो. आय-१४० ची मंजुरी आमच्याकडे नव्हतीच, कंपनीने प्रत कधी दिलीच नाही, फक्त एका मेलमध्ये रिसीट नंबर सापडला. तेवढा नंबर असणं सुद्धा फार मोलाचं ठरलं कारण नवऱ्याची एच-१बी ची कमाल सहा वर्षं केव्हाच संपली होती आणि त्यापुढचं एक्स्टेन्शन मंजूर आय-१४० च्याच जोरावर मिळतं. मंजुरीला १८० दिवस होऊन गेलेले असतील तर नंतर कंपनीने तो मागे घेतला तरी त्याच्या आधारावर पुढे एक्स्टेन्शन मिळू शकतं, आणि तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, तुमचीच राहते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमची प्रायॉरिटी डेट २०१७ ची, आणि तेव्हा भारतीयांसाठी ईबी-२ या आमच्या ग्रीन कार्डच्या प्रकाराची रांग २०१२ च्या तारखांवर अडकलेली, म्हणजे त्या एका तारखेत आमची किती वर्षं गुंतलीत बघा. तर तुम्ही हे वाचत असाल आणि नोकरी शाबूत असेल तर आज रात्रीच सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. उद्या नाही, आज.

प्रश्नावली भरताना मी आणखी एक गोष्ट केली जिचा फार उपयोग झाला. एका कोऱ्या पानावर सगळ्या तारखा ओळीने लिहिल्या. अमेरिकेत पहिल्यांदा कधी आलो, कुठल्या व्हिसावर, प्रत्येक वेळी भारतात कधी गेलो कधी आलो, कुठल्या विमानतळावर उतरलो, प्रत्येक आय-७९७ कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या कंपनीत कधी लागला कधी सोडलं, घरं कधी बदलली. दोन पानं झाली, मग दाटीवाटीने एकावर आणलं. हे करता करता रात्रीचे दोन वाजले, आणि २०१९ ला आपण दोनदा भारतात गेलो होतो की एकदाच यावर आमचं भांडण पण झालं, शेवटी पासपोर्टवरचे शिक्के बघून ठरवलं. वकीलबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तेच पान हातात घेतलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. आमच्यासोबत नवऱ्याचा मामेभाऊ आला होता. दादांना इथे पंचवीस वर्षं झाली, सिटिझन आहेत, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जातात, आणि आपल्याकडे अशा कामाला घरातलं वडीलधारं कुणी सोबत असावं असं असतंच. वकीलबाईंनी त्यांना नमस्कार केला, कॉफी विचारली, आणि मग अगदी शांतपणे म्हणाल्या की तुम्ही बाहेर बसलात तर बरं होईल. दादांना ते लागलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण कारण त्यांनी सांगितलं ते ऐका. वकील आणि अशील यांच्यात जे बोलणं होतं त्याला कायद्याचं संरक्षण असतं, तुम्ही पुढे त्यांना केस दिली नाहीत तरी पहिल्या भेटीतल्या बोलण्यालाही असतं, पण खोलीत तिसरा माणूस बसला तर ते संरक्षण ढिलं पडू शकतं. आणि माणूस कितीही जवळचा असला तरी त्याच्यासमोर आपण सगळं बोलत नाही. हे दुसरं कारण मला जास्त पटलं. दादा बाहेर गेल्यावर मीच अशा दोन गोष्टी बोलले ज्या त्यांच्यासमोर बोलले नसते.

त्यातली एक माझ्या नावाची. त्यांनी मला विचारलं, तुमची आजपर्यंत किती नावं झाली? मी म्हटलं एकच. मग जरा थांबले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नाव बदललं होतं, सासरच्या रेशन कार्डवर आणि तिकडच्या बँकेत ते नवीन नाव आहे. पासपोर्टवर पहिलं नाव माहेरचंच, पण मधे नवऱ्याचं नाव आणि आडनाव सासरचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मधे बाबांचं नाव आणि आडनाव माहेरचं. म्हणजे तीन. आपल्याकडे यात कुणाला काहीच वावगं वाटत नाही, पण इथल्या फॉर्मवर विचारतात की तुम्ही वापरलेली इतर सगळी नावं लिहा, आणि मी दरवेळी काही नाही असं भरत आले होते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या यापुढे प्रत्येक फॉर्मवर तिन्ही नावं लिहायची, एकसारखी, आणि जन्माचा दाखला आत्ताच मागवून ठेवा, ग्रीन कार्डच्या वेळी पळापळ नको. त्या दाखल्यात नावाच्या रकान्यात काहीच नाहीये, नुसतं मुलगी लिहिलंय, नाव नंतर नोंदवायचं राहूनच गेलं. त्यासाठी माझा भाऊ इचलकरंजीला पालिकेत अजून खेटे घालतोय, तो एक वेगळाच विषय. मराठीतल्या कागदांबाबत एवढं सांगते, प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून सही करायची असते की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे.

मग त्यांनी जुना पासपोर्ट मागितला.

नवऱ्याचा जुना पासपोर्ट १४ मार्च २०२४ ला संपणारा होता, आम्ही २०२३ च्या उन्हाळ्यातच नवीन करून घेतला होता. जुना कोपरा कापून परत आला होता, मी तो फाइलमध्ये घेणारच नव्हते, रद्द झालेल्या पासपोर्टचं काय काम म्हणून. निघताना दारातून परत फिरून घेतला. त्यांनी पानं उलटत डिसेंबर २०२२ चा नेवार्कचा शिक्का काढला. नणंदेच्या लग्नाहून परत आलो तेव्हाचा तो शिक्का. त्यावर ऑफिसरने बॉलपेनने दोन गोष्टी लिहिलेल्या, एच-१बी, आणि खाली एक तारीख. वकीलबाईंनी पासपोर्ट आमच्याकडे फिरवला आणि त्या तारखेखाली पेन्सिलचं टोक ठेवलं. ०३/१४/२०२४.

आय-७९७ वर सप्टेंबर २०२५ होतं. आम्ही इतके दिवस तोच कागद धरून चाललो होतो. पण तुम्ही बाहेरून आत येता तेव्हा विमानतळावर तुम्हाला नवीन आय-९४ मिळतो, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल त्याची नोंद, आणि पासपोर्ट आधी संपत असेल तर ऑफिसर बऱ्याचदा आय-९४ ची तारीख पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. नंतर नवीन पासपोर्ट काढला म्हणून ती तारीख आपोआप पुढे जात नाही. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांना कागदी आय-९४ सहसा देत नाहीत, सरकारच्या वेबसाइटवर जाऊन आपणच बघायचा असतो, आणि आम्ही तो त्या ट्रिपनंतर एकदाही बघितला नव्हता. त्यांनी तिथेच कॉम्प्युटरवर काढून दाखवला, तीच तारीख. आणि साठ दिवसांचा नियम असा आहे की साठ दिवस किंवा तुमची मुक्कामाची परवानगी संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते.

म्हणजे आमच्याकडे ५१ दिवस नव्हते. ३४ होते.

मला आठवतंय, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. का ते माहीत नाही. नवरा काहीच बोलला नाही, त्याने फक्त तो पासपोर्ट हातात घेतला आणि त्या तारखेवरून अंगठा फिरवला. शिक्का मारल्यापासून तेरा महिने ती तारीख आमच्या घरात कपाटात पडून होती. नोकरी गेली नसती तर आम्ही १४ मार्चनंतरही तसेच राहत राहिलो असतो आणि आम्हाला पत्ताही लागला नसता, आणि तसं १८० दिवसांच्या वर राहून मग कधी भारतात गेलो असतो तर तीन वर्षं परत येता आलं नसतं, वर्षाच्या वर झालं तर दहा वर्षं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आमची मुलगी इथे दुसरीत शिकते.

उरलेला अर्धा तास त्यांनी उलटं गणित मांडलं. १४ मार्चच्या आत नव्या कंपनीचं पिटिशन सरकारकडे पोचलं पाहिजे. त्याआधी लेबर खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा कंपनीचा अर्ज, पास व्हावा लागतो, त्याला सात कामाचे दिवस. त्याआधी कंपनीच्या वकिलांना कागद जमवायला चार-पाच दिवस. म्हणजे ऑफर साधारण २६ फेब्रुवारीपर्यंत हातात हवी. नवऱ्याचे दोन ठिकाणी इंटरव्ह्यू चालू होते, त्यांनी सांगितलं की दोन्हीकडे पहिल्याच मेलमध्ये ही तारीख सांग, लपवू नकोस, साठ दिवस असं मोघम बोलू नकोस, १४ मार्च असं लिही. आणि ऑफर आलीच नाही तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिजिटर स्टेटसला बदलायचा आय-५३९ अर्ज टाकायचा, तो आत्तापासून भरून तयार ठेवायचा. वेळेत टाकलेला अर्ज प्रलंबित असताना इथे थांबता येतं, काम मात्र करता येत नाही.

आम्ही काय विचारलं ते पण सांगते. माझी फाइल तुम्ही स्वतः बघणार की ऑफिसमधलं दुसरं कुणी? फी ठरलेली एकरकमी की तासावर? सरकारी फी त्यात धरलीय का? मेलचं उत्तर किती दिवसांत येतं? आमच्या नावाने काही फाइल केलंत तर त्याची पूर्ण प्रत आम्हाला मिळेल ना? शेवटच्या प्रश्नावर मी अडून बसले, आधीचा अनुभव होता ना. त्या म्हणाल्या, काय करणार आणि काय नाही हे लिहून असलेला करार वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि जी-२८ फॉर्मवर सही झाली की मगच मी तुमची वकील म्हणून सरकारसमोर उभी राहते. कोऱ्या फॉर्मवर कधीही सही करायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आणि हो, पोलीस, कोर्ट, ट्रॅफिकचं मोठं काही, आधी कुठे व्हिसा नाकारला गेलेला, असलं काही असेल तर ते पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाका, केस मिटलेली असली तरी. आमच्याकडे तसलं काही नव्हतं पण त्यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतीने विचारलं, त्यावरून कळलं की लोक किती लपवतात.

बाहेर दादा बसले होते. गाडीत बसल्यावर नवऱ्याने त्यांना सगळं सांगितलं, आणि दादा घरी गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी आपल्या मुलाच्या एच-१बी वाल्या मित्रांना फोन लावून आय-९४ तपासायला लावले. मी घरी येऊन कालनिर्णयवरचा ३१ चा गोल तसाच ठेवला आणि १४ ला दुसरा केला.

ऑफर २२ फेब्रुवारीला आली, गुरुवारी. पिटिशन प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल मिळतो त्या प्रकारात, ११ मार्चला पोचलं, सोमवारी, तीन दिवस हातात ठेवून. रिसीट आल्यावर नवरा कामावर रुजू झाला, मंजुरी मार्च संपायच्या आत आली आणि त्या आय-७९७ च्या खालच्या भागातच नवीन आय-९४ जोडलेला होता, फाडून घ्यायचा असतो तो.

त्यानंतर २०२४ च्या डिसेंबरमध्ये भारतात जाऊन आलो. परत येताना नेवार्कला बॅगांच्या बेल्टपाशी मुलगी ट्रॉलीवर बसून पेंगत होती, आणि आम्ही दोघं फोनवर आय-९४ ची वेबसाइट उघडून पासपोर्ट नंबर टाकत होतो. त्याचा आधी बघितला, मग माझा. दोन्ही तारखा आय-७९७ शी जुळल्या. स्क्रीनशॉट काढले, तेवढ्यात आईने दोरीने बांधून दिलेलं चटण्यांचं खोकं बेल्टवरून आलं.